दारात मेलेला कावळा दिसला तर? उचलण्याआधी कुणाला सांगायचं, आणि उचलायचा कसा

जानेवारी २०२५ च्या मध्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले. एक-दोन नाही, काही दिवसांत पन्नासच्या आसपास.

असं काही दिसलं की आपले अंदाज ठरलेले असतात. थंडीनं गेले असतील. तारेला चिकटले असतील. कुणीतरी विष घातलं असेल. संक्रांतीचे दिवस असले तर मांजाचं नाव हमखास निघतं. उदगीरमध्ये मात्र मेलेल्या कावळ्यांचे नमुने तपासणीसाठी गेले आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा अहवाल आला : बर्ड फ्लू. लगेच आसपासचा १० किलोमीटरचा परिसर 'अलर्ट झोन' जाहीर झाला.

साधारण त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातून आणखी एक बातमी आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते, आणि त्यांच्या नमुन्यांतही बर्ड फ्लूचाच विषाणू सापडला. त्यांना खायला घातलेल्या चिकनवर संशय घेतला गेला.

या दोन्ही बातम्या आपल्यापर्यंत पोचल्या, कारण कुणीतरी मेलेलं जनावर नुसतं उचलून फेकलं नाही. ते कळवलं, नमुना घेतला, तपासला. आपण आपल्या बिल्डिंगच्या आवारात, गच्चीवर किंवा परसात नेमकं उलट करतो. वॉचमनला हाक मारतो, तो दोन बोटांनी पाय धरून पक्षी कचऱ्याच्या डब्यात टाकतो, विषय संपला. किंवा हल्ली, आधी रील बनते आणि मग विषय संपतो.

एक मेला की बरेच मेले?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. खिडकीच्या काचेवर आपटून एक चिमणी मेली, मांजरानं कबुतर मारलं, रस्त्यावर गाडीखाली साप आला, हे रोज घडतं. घरातल्या मेलेल्या उंदरा-पालीसाठी कुणाला फोन लावायची गरज नाही. ते कसं उचलायचं ते पुढे सांगते.

पण एकाच भागात दोन-चार दिवसांत बरेच पक्षी मेले, तळ्याकाठी बगळे किंवा बदकं पडलेली दिसली, कावळे झाडावरून खाली पडताहेत, जिवंत पक्षी मान वाकडी करून गिरक्या घेताहेत, तर तो योगायोग समजू नका. यात कावळा खास महत्त्वाचा. तो माणसाच्या जवळ राहतो आणि माणूस जे फेकतो ते खातो. कुठे मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या असतील तर त्यांच्यापर्यंत पहिला पोचतो तोच. कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात. तो गप्प होऊन खाली पडायला लागला तर काय येतंय, हे विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. देशातला कोंबड्यांमधला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये नोंदवला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, आणि त्याच आठवड्यात मुंबई, ठाणे, दापोली, बीड इथल्या मेलेल्या पक्ष्यांमध्येही हा विषाणू असल्याचं निष्पन्न झालं.

माणसाला यातून किती धोका? भारतात माणसाला एच५एन१ झाल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत. पण त्या जीवघेण्या निघाल्या आहेत : २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या दोन वर्षांच्या मुलीचा यात मृत्यू झाला. म्हणजे घाबरून चिकन सोडायची गरज नाही, नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नसते. पण आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं धरणं टाळायलाच हवं.

इथे पोल्ट्रीवाल्यांची एक अडचण समजून घेतली पाहिजे. बर्ड फ्लू निघाला की साधारण एक किलोमीटर परिघातल्या कोंबड्या मारून टाकल्या जातात. त्या भीतीनं काही जण सुरुवातीची मर लपवतात, मेलेल्या कोंबड्या नाल्यात किंवा रस्त्याकडेला टाकतात. पण सरकारी भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबड्यांची, आधीच रोगानं मेलेल्यांची नाही. लपवण्यात जितके दिवस जातात तितका मालकाचाच तोटा वाढतो. हा हिशोब गावागावांत नीट पोचलेला नाही, असं मला वाटतं. पोचला असता तर नाल्यातल्या कोंबड्या कमी झाल्या असत्या आणि कदाचित कावळेही कमी मेले असते.

मग फोन कुणाला करायचा?

खरी गंमत इथे सुरू होते. मेलेल्या प्राण्याचे आपल्याकडे तीन मालक आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की तो दुसऱ्याचा आहे. वन्यप्राणी म्हणून तो वन विभागाचा. रोगाचा संशय असेल तर पशुसंवर्धन विभागाचा. आणि रस्त्यावर पडलेला कचरा म्हणून महापालिकेच्या घनकचरा विभागाचा. त्यामुळे एका फोनचे तीन फोन होतात, आणि तोवर कुत्र्यानं तो पक्षी पळवलेला असतो.

ढोबळ वाटणी अशी लक्षात ठेवा. बरेच पक्षी मेले असतील, कोंबड्या किंवा बदकं मरत असतील तर पशुसंवर्धन विभाग : टोल फ्री क्रमांक १९६२ किंवा १८००-२३३-०४१८. गावात असाल तर जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. बिबट्या, मोर, माकड, हरीण, खवल्या मांजर, घुबड, अजगर असं काही असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. मुंबईत १९१६ वर महापालिकेला सांगता येतं. २०२१ मध्ये मेलेल्या पक्ष्यांच्या तक्रारीसाठी पालिकेनं हाच नंबर दिला होता.

पशुरोगांसाठी २००९ चा एक केंद्रीय कायदा आहे. प्राण्यांमध्ये संसर्गजन्य रोगाची शंका आली तर ती कळवण्याची जबाबदारी त्याच्या कलम ४ मध्ये मालकावर टाकली आहे, तशीच इतरांवरही. म्हणजे फोन करून तुम्ही कुणावर उपकार करत नाही, आणि फोन घेणाराही तुमच्यावर करत नाही.

फोन करताना चार गोष्टी सांगा : नेमकी जागा, किती प्राणी, कधीपासून, आणि जिवंत असलेल्यांमध्ये काही विचित्र दिसतंय का. एक फोटो काढून ठेवा, लांबून झूम करून. तो रीलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर त्या अधिकाऱ्याला जास्त उपयोगी पडतो. बिबट्यासारख्या प्राण्याचा फोटो असेल तर तो लोकेशनसकट ग्रुपवर टाकू नका. तासाभरात तिथे जत्रा भरते, पुरावे पायदळी जातात. शिवाय 'मेलेला' बिबट्या कधीकधी मेलेला नसतोच. फासकीत अडकून किंवा गाडीची धडक बसून निपचित पडलेला असतो.

'उंदीर पडले' म्हणजे काय ते आजीला माहीत होतं

मेलेलं जनावर ही बातमी असते, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगलं ठाऊक होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रात पसरत राहिला. त्या काळात घरात, गल्लीत 'उंदीर पडायला लागले' की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायला जायचे. यामागचं कारण साधं आहे. प्लेगनं उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं शरीर सोडून दुसरं ऊबदार शरीर शोधतात. घरात दुसरं ऊबदार शरीर आपलंच असतं.

ही फार जुनी गोष्टही नाही. १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगनं देश हादरला. पण त्याआधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडत होते आणि लोक पिसवांनी हैराण झाले होते. वर्षभरापूर्वी किल्लारीचा भूकंप होऊन गेला होता. पडकी घरं आणि त्यात अडकलेलं धान्य यावर उंदीर माजले, असं तेव्हा मांडलं गेलं. पुढे तिथल्या माणसांमध्ये गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले.

आज तुमच्या किचनच्या ओट्याखाली मेलेला उंदीर सापडला तर तो बहुधा औषधानंच मेलेला असतो. तरी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे लेप्टो. उंदराच्या लघवीतून पसरणारा हा रोग मुंबई-कोकणातल्या लोकांना पावसाळ्यात वेगळा सांगावा लागत नाही. हाताला छोटीशी चीर असली तरी जंतूंना रस्ता मिळतो. दुसरं म्हणजे ते विष. विषानं मेलेला उंदीर उकिरड्यावर फेकला की तो मांजर खातं, घुबड खातं, घार खाते, आणि विष पुढे सरकतं. त्यामुळे औषध टाकून मारलेला उंदीर पुरायचा किंवा बंद पिशवीत द्यायचा, उघड्यावर टाकायचा नाही.

विष असं पुढे सरकतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं माना टाकून मरताना दिसत होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ती घसरण मोजली आणि मांडली. पुढे कळलं की जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक कारण होतं. गिधाडं ते मेलेल्या गुरांच्या मांसातून खात होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोपर्यंत काही जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली होती.

माकड मेलं तर

हा थोडा नाजूक विषय आहे. माकड म्हणजे मारुतीराया. कित्येक गावांत माकड मेलं की तिरडी बांधतात, वाजतगाजत अंत्ययात्रा निघते, काही ठिकाणी दहावं-तेरावंही होतं. या भावनेची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण सिंधुदुर्गात आणि गोव्यात मेलेल्या माकडाला खांदा देणं जिवावर बेतू शकतं.

कारण माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि ओळखला गेला तोही माकडं मरत होती म्हणूनच. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग भागात मोठ्या प्रमाणावर दिसला. हा गोचिडीतून पसरतो. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागेच्या आसपास पाचोळ्यात थांबतात. काजूच्या बागेत काम करणारा, लाकूडफाटा आणायला गेलेला माणूस तिथून गेला की त्यांना नवं अंग मिळतं.

म्हणून या पट्ट्यात मेलेलं माकड दिसलं की जवळ जायचंच नाही, गुरांनाही जाऊ द्यायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वन विभागाला कळवायचं. ते नमुने घेतात, माकड जाळतात आणि त्या जागेभोवती कीटकनाशक फवारतात. अंत्यसंस्कार होतातच, फक्त पीपीई किट घालून होतात. नमस्कार लांबून केला तरी चालतो.

साप मेला, पण त्याचं डोकं नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये आसाममधल्या तीन रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिन्ही प्रकरणांत चावणारा साप मेलेला होता. एकानं नागाचं मुंडकं तोडलं आणि साप फेकायला उचलला, तर तुटलेलं मुंडकं अंगठ्याला चावलं. दुसऱ्या ठिकाणी ट्रॅक्टरखाली चिरडलेला नाग चावला. तिसऱ्या घटनेत, मारून टाकलेला मण्यारीच्या जातीचा साप काही तासांनी चावला. तिघांनाही विषबाधा झाली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं.

साप थंड रक्ताचा. त्याच्या नसा आणि स्नायू मेल्यानंतरही बराच काळ काम करू शकतात, आणि विषग्रंथीत विष तर असतंच. दाबलं, हलवलं की जबडा आवळतो. नाग असो, घोणस असो, मण्यार असो की फुरसं, मेलेल्या सापाला हातानं उचलायचं नाही, गळ्यात घालून सेल्फी तर अजिबात नाही. लांब दांड्याचं फावडं किंवा घमेलं-काठी वापरा. सर्पमित्राला बोलावता आलं तर उत्तम. आणि चावलाच तर 'मेलेलाच होता की' म्हणत घरी बसू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आता उचलायचं कसं

कळवण्यासारखं काही नाही, किंवा कळवलं आणि 'तुम्हीच टाकून द्या' असं उत्तर आलं (येतं), तर मग हे काम नीट करायचं.

लहान मुलांना आणि पाळीव कुत्र्या-मांजरांना आधी आत घ्या. हातात रबरी मोजे घाला, तोंडाला मास्क लावा. मोजे नसतील तर हातावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. ज्या पिशव्या घरात नाहीत असं आपण पालिकेला सांगतो, त्याच.

झाडू मारू नका. कोरडी विष्ठा, पिसं, घरट्याचा भुगा हवेत उडाला की तो सरळ नाकात जातो. एसीच्या मागे मेलेलं कबुतर काढताना नेमकी हीच चूक होते. आधी त्यावर ब्लीचचं पातळ द्रावण (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) हलकेच शिंपडा, पाचेक मिनिटं थांबा आणि मग उचला. जोरात पाइप मारायचा नाही, त्यानंही शिंतोडे उडतात. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू सुटतो.

पिशवीत हात घालून, पिशवीसकटच प्राणी धरा आणि पिशवी उलटी करून घ्या. गाठ मारा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, पुन्हा गाठ. जागा त्याच द्रावणानं पुसून घ्या. मोजे काढल्यावर साबणानं हात धुवा. मोजे घातले होते म्हणून हात धुवायचे नाहीत, असं नसतं. पुढच्या काही दिवसांत ताप, खोकला, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. सांगितल्याशिवाय ते हा प्रश्न विचारतीलच असं नाही.

परसात जागा असेल तर पुरणं सगळ्यात सोपं. विहीर आणि बोअरवेलपासून लांब, किमान तीन फूट खोल, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.

पाण्यात सापडलं तर काम वाढतं. गच्चीवरच्या टाकीत पाल किंवा पक्षी मेलेला निघाला तर पाणी पूर्ण सोडून द्या, टाकी घासा, क्लोरीननं धुवा, मगच भरा. फुगलेलं शव नुसतं काढून पाणी वापरत राहणं चालत नाही. गावातल्या विहिरीत असं झालं तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा. शव काढून, शक्य तितकं पाणी उपसून मग टीसीएल टाकायची असते. चांगल्या टीसीएलचं एरवीचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर निदान अर्धा-एक तास पाणी वापरायचं नाही. 'अंदाजानं दोन मुठी' हे प्रमाण कुठल्याही पुस्तकात नाही.

आणि मोराचं पीस, बिबट्याचं नख?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३९ सांगतं की संरक्षित वन्यप्राणी मेला तरी सरकारची मालमत्ता असतो. तुमच्या शेतात मेला, तुमच्या अंगणात मेला, तरी तुमचा होत नाही. तो किंवा त्याचा एखादा अवयव तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. उसाच्या फडात मेलेल्या बिबट्याची नखं, मिशा काढून नेणारे दरवर्षी कुठे ना कुठे पकडले जातात. बिबट्या पहिल्या परिशिष्टात येतो. त्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'आम्ही मारला नाही, मेलेलाच होता' हा बचाव तिथे चालत नाही.

लोक शेतात मेलेल्या मोराबद्दल गप्प बसतात, ते याच भीतीनं. विषारी औषध लावलेलं बियाणं खाऊन मोर मेले तर शेतकऱ्याला वाटतं केस आपल्यावरच येणार, म्हणून बांधावर खड्डा खणला जातो. वन विभागाला हवा असतो तो पंचनामा आणि शवविच्छेदन. ते झालं तरच कळतं की मोर विषानं मेला, करंटनं मेला की रोगानं. आणि गुपचूप पुरलेला मोर नंतर सापडला तर संशय अधिक वाढतो. मला यात चूक फक्त शेतकऱ्याची वाटत नाही. कळवणाऱ्याकडे आधी आरोपी म्हणून पाहायची सवय सरकारी खात्यांनाही मोडावी लागेल. नाहीतर ४८ तासांचा नियम कागदावरच राहणार.

पिशवी शेवटी कुणाच्या हातात जाते?

आपण उचलून डब्यात टाकलं म्हणजे काम संपत नाही. सकाळी ती पिशवी कचरावेचक ताई किंवा पालिकेचे कामगार उघडतात, अनेकदा हातमोज्यांशिवाय, कारण ओला-सुका आपण वेगळा केलेला नसतो. तेव्हा मेलेला पक्षी सोसायटीच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये तर नकोच, पण ओल्या कचऱ्यातही लपवून देऊ नका. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेनं सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची 'रेड डॉट' मोहीम चालवली होती, म्हणजे उघडण्याआधीच आत काय आहे ते कळेल. तसंच इथेही करता येईल. मार्करनं पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा : 'मेलेला पक्षी, उघडू नका'. ती वेगळी ठेवा, गाडी आली की स्वतः खाली जाऊन सांगा. आणि वॉचमनकाकांना उचलायला सांगणार असाल, तर मोजे आणि मास्क आधी त्यांच्या हातात द्या.